मतांची रुजुवात

४ जून २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी अखेरच्या फेरीस आली, तेव्हा दोन प्रमुख उमेदवारांना मिळून नऊ लाखांहून अधिक मते पडलेली असूनही यंत्रांतल्या मतांच्या बेरजेत अमोल कीर्तिकर हे रवींद्र वायकर यांच्यापुढे अवघ्या एका मताने होते. टपाली मतांत मात्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते असल्याने दोन्ही हिशेब एकत्र होताच निकाल फिरला, आणि वायकर ४८ मतांनी विजयी घोषित झाले. पुढे मोजणीच्या जागी मोबाइल वापरल्याच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला. त्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने मतदान यंत्र उघडता येते अशी बातमी एका वर्तमानपत्रात येऊन पाहता पाहता देशभर पसरली. वस्तुतः तो ओटीपी मोजणीचे आकडे संगणकात भरणाऱ्या कर्मचाऱ्याला निवडणूक आयोगाच्या प्रणालीत प्रवेश करण्यासाठी लागणारा होता, यंत्राशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, आणि ती बातमी त्या वर्तमानपत्राने नंतर मागेही घेतली. कीर्तिकरांची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. तरीही त्या मतदारसंघातल्या पुष्कळांच्या मनात ओटीपीची ती गोष्ट जशीच्या तशी राहिली. कारण बातमी ज्या वेगाने गावभर होते त्या वेगाने तिचा खुलासा कधीच होत नाही.

या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. निकालापूर्वी त्याच मतदारसंघात लोक ज्या विषयांवर तावातावाने बोलत होते, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलणाऱ्या उमेदवारावर भरवसा ठेवावा की नाही, फुटलेल्या शिवसेनेपैकी कोणत्या गटाच्या नेतृत्वात धमक आहे, झोपडपट्टी पुनर्वसनाचे रखडलेले काम कोण तडीस नेईल, ते सारे विषय एका रात्रीत मागे पडले आणि जो तो मोबाइल व ओटीपी यांविषयी बोलू लागला. पुढाऱ्याच्या पात्रतेचा निवाडा करण्याचे सामान्य माणसाच्या हाती असलेले एकमेव साधन मत हे आहे, आणि त्या निवाड्याची नोंद जिथे होते ती जागा मतमोजणीची. त्या नोंदीवरच हरकत निघाली की मूळ निवाडा चर्चेतून बाद होतो. हरलेला पुढारी नालायक होता की दुर्दैवी, जिंकलेला लायक होता की नुसता नशीबवान, हे कोणीच विचारीत नाही. मोजणीवरचा विश्वास हा केवळ निवडणूक आयोगाच्या अब्रूचा प्रश्न नसून मतदाराच्या विचारशक्तीचा प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते या कारणाने.

महाराष्ट्राने २०२४ च्या एकाच वर्षात या गोष्टीची दोन्ही टोके पाहिली. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, तेव्हा हरलेल्या बाजूच्या नेत्यांनी कांद्याची निर्यातबंदी, सोयाबीन व कापसाचे पडलेले भाव आणि घटना बदलण्याविषयी पसरलेली भीती यांची उजळणी केली, आणि जूनअखेरच्या अर्थसंकल्पात महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेच्या २८८ जागांपैकी महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी मिळून २३० जागा घेतल्या व आघाडीचे तीन मुख्य पक्ष ४६ वर थांबले, तेव्हा गावोगावच्या चर्चेत दोन तट पडले. एकजण म्हणे, “अहो तात्या, मशीन-बिशीन काही नाही, अर्ज भरायची मुदत संपत आली तरी तुमच्या साहेबांचं जागावाटप उरकलं नव्हतं, मुख्यमंत्री कोण होणार ते सांगता येत नव्हतं, अन् बायकांच्या खात्यात पैसे जमा होत होते.” दुसरा म्हणे, “ते सगळं खरं धरलं तरी पाच महिन्यांत एवढं वारं फिरतं का रे बाबा? जूनमध्ये याच गावानं लीड दिलं होतं.” या दोघांपैकी एकालाही मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. पहिला नेत्याच्या कर्तबगारीविषयी बोलत होता, दुसरा आकड्यांच्या सत्यतेविषयी, आणि एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर पुरे पडत नव्हते. नेतृत्व दुबळे होते एवढ्याने मोजणी चोख होती हे सिद्ध होत नाही. आणि मोजणीविषयी शंका आहे एवढ्याने नेतृत्व समर्थ होते हेही सिद्ध होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाने हा वाद कृतीत उतरवायचे ठरवले. माळशिरस मतदारसंघात शरद पवारांच्या पक्षाचे उत्तम जानकर भाजपचे राम सातपुते यांचा पराभव करून निवडून आले होते. म्हणजे तक्रार जिंकलेल्या उमेदवाराच्या समर्थकांची होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, मारकडवाडीच्या केंद्रांवर सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते दाखवली आहेत, आणि आमचे गाव असे मत देणारे नव्हे. म्हणून ३ डिसेंबर २०२४ रोजी गावकऱ्यांनी वर्गणी काढून, मतपत्रिका छापून, आपल्या आपण पुन्हा मतदान घेण्याची तयारी केली. प्रशासनाने जमावबंदीचा हुकूम काढला, पोलीस बंदोबस्त बसला, आणि मतदान सुरू होण्यापूर्वीच ते रद्द करावे लागले. कायद्याने पाहता गावाला अशी निवडणूक घेण्याचा अधिकार नव्हताच, आणि शेजाऱ्यांच्या नजरेदेखत, दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते उभे असताना केलेले फेरमतदान मूळच्या गुप्त मतदानाची परीक्षा होऊ शकत नाही, हेही खरे. तथापि, ज्या गावातील माणसे आपले मत कुठे गेले हे पाहण्यासाठी पदरमोड करून मतपत्रिका छापतात, त्या गावाला केवळ बंदोबस्ताने उत्तर देऊन भागत नाही.

मारकडवाडीला आपल्या गावचा आकडा ठाऊक झालाच कसा, या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मतपत्रिकांच्या काळात नियमांत अशी तजवीज होती की, आयोगाने ठरवल्यास मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळून मग त्यांचे गठ्ठे बांधावेत, जेणेकरून कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे कळू नये व पराभूताला सूड उगवता येऊ नये. यंत्रे आली आणि हे मिसळणे संपले. प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा कळू लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण आयोगाने सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारसही केली, परंतु ते स्वीकारले गेले नाही. परिणामी आज वस्तीवस्तीचा कौल उघडा पडतो. याचा तोटा दुबळ्या वस्त्यांना होतो, यात शंका नाही. पण त्याचाच दुसरा परिणाम असा की, गावाला आपल्या अनुभवाशी सरकारी आकडा ताडून पाहता येतो. गुप्तता आणि पडताळणी या दोन हक्कांची इथे ओढाताण आहे, आणि ती सोडवणे सोपे नाही. माझा स्वतःचा कल गुप्ततेकडे आहे, कारण पाणीपुरवठा, रस्ता, रेशन यांसाठी ज्या वस्तीला निवडून आलेल्याच्याच दारी जावे लागते त्या वस्तीची भीती मला जास्त खरी वाटते; मात्र मिसळण्यापूर्वी पडताळणीची दुसरी वाट खुली केली पाहिजे.

मोजणीवरचा संशय यंत्रांनी जन्माला घातला, ही समजूत इतिहासाला धरून नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त असताना, सतरा कोटींवर मतदारांसाठी प्रत्येक उमेदवाराची निराळी पोलादी पेटी ठेवली होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले होते. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून त्या वेळी अशा लाखो पेट्या बाहेर पडल्या. मतदाराने कागदावर काही खूण न करता तो हव्या त्या पेटीत टाकायचा, एवढाच विधी होता. शिक्का मारण्याची पद्धत साठाच्या आसपास आली. पुढे १९७१ साली इंदिरा गांधींच्या काँग्रेसने लोकसभेच्या ३५२ जागा जिंकल्या, तेव्हा दक्षिण दिल्लीत पराभूत झालेले जनसंघाचे बलराज मधोक यांनी असा आरोप केला की, मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती, मतदाराने मारलेला शिक्का विरून जात होता आणि काँग्रेसच्या गाय-वासराच्या चिन्हावर आधीच उमटवलेला शिक्का वर येत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने मतपत्रिकांचा नमुना तपासण्यास परवानगी दिली, आणि आरोप टिकला नाही. २००९ साली पराभव पदरी आल्यावर भाजपचे लालकृष्ण अडवाणी यांनी मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी केली. त्यांच्याच पक्षाचे जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी यंत्रांविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकाला त्यांची प्रस्तावना आहे. आज हीच मागणी काँग्रेस आणि तिचे काही मित्रपक्ष करीत आहेत. संशयाचा झेंडा एका पक्षाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि तो ज्याच्या खांद्यावर असतो तो बहुधा नुकताच हरलेला असतो. याचा अर्थ संशय खोटा असतो असा नाही. हरलेल्यालाच तपासणीची निकड वाटते आणि जिंकलेल्याला ती वाटत नाही, एवढाच याचा अर्थ. म्हणून मोजणीची व्यवस्था हरलेल्याचे समाधान व्हावे अशा बेताने रचली पाहिजे.

यंत्राचा प्रवेशही आपल्याकडे वादातूनच झाला. मे १९८२ मध्ये केरळातील परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रे वापरली गेली, कम्युनिस्ट पक्षाचे शिवन पिल्ले १२३ मतांनी जिंकले, पराभूत ए. सी. जोस न्यायालयात गेले. आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात यंत्राची तरतूदच नाही या मुद्द्यावर तिथे मतपत्रिकांनी फेरमतदान घ्यायला लावले, ज्यात जोस निवडून आले. त्यानंतर १९८८ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ६१-अ आले. १९९९ साली गोवा विधानसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली, २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी यंत्रे आली. केंद्रे बळकावून शेकडो मतपत्रिकांवर पटापट शिक्के मारण्याचा जो प्रकार बिहारादी राज्यांत बोकाळला होता त्याला यंत्राने लगाम घातला, हे त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणा होईल.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते, म्हणून ती जरा जवळून पाहू. तिची सुरुवात मतदानाच्या दिवशी पहाटेच होते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी केंद्राध्यक्ष पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतो, निकालाचे बटण दाबून आकडे जुळतात का ते दाखवतो, मग ती मते पुसून टाकतो आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राच्या, पेटीतील चिठ्ठ्या काढून वेगळ्या मोहोरबंद करतो. यंत्राला कागदी सील लावले जाते. त्याचा अनुक्रमांक प्रतिनिधींनी टिपून घ्यायचा आणि त्यावर सही करायची असते. संध्याकाळी मतदान संपले की केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो, ज्यात यंत्राचा क्रमांक, सीलचा क्रमांक आणि यंत्रात नोंदलेल्या एकूण मतांची संख्या असते, आणि नियमाप्रमाणे त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रतिनिधींना देतो. कार्यकर्त्यांच्या बोलीत याला नुसते ‘सतरा-सी’ म्हणतात, आणि अनुभवी कार्यकर्ता ती प्रत हाती आल्याशिवाय केंद्र सोडत नाही. मोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता टपाली मते उघडतात, अर्ध्या तासाने यंत्रे. एका दालनात सहसा चौदा टेबले, मध्ये जाळी, जाळीपलीकडे पर्यवेक्षक, त्याचा सहायक आणि निरीक्षक, अलीकडे प्रत्येक उमेदवाराचा माणूस वही-पेन घेऊन. शिपाई यंत्राचा पेटारा आणून ठेवतो, सील व क्रमांक दाखवले जातात, निकालाचे बटण दाबले जाते, आणि छोट्या पडद्यावर उमेदवारांची मते एकेक करून येत जातात. जाळीबाहेरचा माणूस मान वाकवून ती लिहून घेतो, बेरीज करतो, आणि ती आपल्या जवळच्या सतरा-सीच्या आकड्याशी जुळते का ते पाहतो. चौदा यंत्रे झाली की एक फेरी पुरी. सगळा डोलारा या साध्या रुजुवातीवर उभा आहे, आणि ती करणारा माणूस तिथे नसेल तर पुढच्या सर्व आरोपांना पायाच राहत नाही.

यंत्रातील आकडा मतदाराच्या बोटाशी इमान राखतो की नाही, हे मात्र सतरा-सी सांगू शकत नाही. तो केवळ एकूण संख्या सांगतो. त्यासाठी व्हीव्हीपॅटची ही चिठ्ठी आली. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची आवश्यकता मान्य केली, आणि २०१९ पासून ती देशभर सर्व केंद्रांवर आहे. काचेमागे सात सेकंद चिन्ह दिसते, मग चिठ्ठी पेटीत पडते. एप्रिल २०१९ च्या आदेशाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील, सोडतीने निवडलेल्या, पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला अशा १,४४० केंद्रांची पडताळणी झाली व आयोगाने कुठेही तफावत नसल्याचे सांगितले. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली; मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा हक्क दिला. हा हक्क बजावण्यासाठी अहमदनगरचे पराभूत भाजप उमेदवार सुजय विखे पाटील यांनीही अर्ज केला होता. यावरून ही गरज एका बाजूची नाही हे उघड होते.

शितावरून भाताची परीक्षा होते, परंतु ती एका भांड्यातल्या भातापुरती. आणि पाच केंद्रांच्या नमुन्याविषयी चाललेल्या वादात हेच निसटते. राज्यातील सुमारे एक लाख केंद्रांपैकी १,४४० यदृच्छेने निवडली, आणि समजा शंभरातल्या एका केंद्रावर सर्वत्र गडबड केलेली असली, तर ती एकाही नमुन्यात न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी येते. म्हणजे सबंध राज्याचा निकाल यंत्रे बिघडवून फिरवला, हा आरोप या तपासणीपुढे टिकणे फार कठीण आहे, आणि आरोप करणाऱ्यांनी हे गणित मांडून पाहिले पाहिजे. पण एकाच मतदारसंघापुरता विचार केला तर चित्र उलटते. सुमारे ३५० केंद्रांपैकी दहांवर गडबड असेल आणि त्यांतली पाचच तपासली, तर ती पकडली जाण्याची शक्यता शंभरात तेरा-चौदा एवढीच आहे. ज्या जागी फरक पन्नास हजारांचा आहे तिथे दहा केंद्रांनी काही बिघडत नाही. ज्या जागी तो काहीशेंचा आहे तिथे सारेच बिघडते. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने हरले. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोघांना समान मते पडून चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. असल्या लढतींना आणि लाखाच्या मताधिक्याच्या लढतींना एकच पाच केंद्रांचा नियम लावणे गणिताला धरून नाही. फरक जितका कमी तितका नमुना मोठा, हे तत्त्व अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर अमलात आणले आहे. फरक मोठा असेल तर थोडक्या मतपत्रिका काढून पाहतात, छोटा असेल तर पुष्कळ, आणि निकाल डळमळीत दिसला तर सगळ्या. आपल्याकडे चिठ्ठ्या छापल्या जातच आहेत, पेट्या जपून ठेवल्या जातच आहेत. मोजणीचा नियम तेवढा बदलायचा आहे.

जर्मनीने या प्रश्नाचे उत्तर निराळ्या बाजूने दिले. तिथे २००५ च्या निवडणुकीत सुमारे वीस लाख मतदारांनी डच बनावटीच्या यंत्रांवर मते दिली होती. योआखिम वीस्नर हे राज्यशास्त्रज्ञ आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ पुत्र उलरिश यांनी त्याला आव्हान दिले, आणि ३ मार्च २००९ रोजी कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. यंत्रांत लबाडी झाल्याचा पुरावा नव्हता, म्हणून निवडणूक रद्द झाली नाही. न्यायालयाचा मुद्दा असा होता की, निवडणूक हे सार्वजनिक कृत्य आहे आणि तिचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही नागरिकाला, तांत्रिक ज्ञानावाचून, तपासता आले पाहिजेत. आपली यंत्रे त्या यंत्रांहून वेगळी आहेत, त्यांना चिठ्ठीची जोड आहे, आणि आपल्या मतदारांची संख्या पाहता सर्वत्र हाताने मोजणे किती जिकिरीचे आहे हेही मी जाणतो. तरीही त्या निकालपत्राचे मर्म मला पटते: तज्ज्ञांनी दिलेली ग्वाही आणि नागरिकाने स्वतः केलेली खातरजमा या एका तोलाच्या वस्तू नव्हेत.

कागद परत आणला की सगळे निर्मळ होईल, असे मानणाऱ्यांनी चंदीगडकडे पाहावे. ३० जानेवारी २०२४ रोजी तिथल्या महापौरपदासाठी ३६ मते कागदावर पडली. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मते बाद ठरवून भाजपच्या उमेदवाराला १६ विरुद्ध १२ असे विजयी घोषित केले. पण टेबलावर कॅमेरा होता, आणि त्यात तोच अधिकारी मतपत्रिकांवर लेखणी चालवताना दिसत होता. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका मागवून घेतल्या, ती आठही मते वैध धरली आणि २० फेब्रुवारीला पराभूत ठरवलेल्या कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले. हरियाणातील एका गावच्या २०२२ च्या सरपंच निवडणुकीत याच्या उलट घडले: तिथे यंत्रांत मते बरोबर नोंदली होती, चूक झाली ती माणसांच्या हातून आकडे लिहिताना, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीत आणून पुन्हा मोजायला लावली, तेव्हा पराभूत ठरवलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकलेला निघाला. एका ठिकाणी कागदावर अप्रामाणिक हात चालला, दुसरीकडे प्रामाणिक यंत्राचा हिशेब माणसाने चुकवला. आणि दोन्ही ठिकाणी सत्य बाहेर आले ते मूळ पुरावा शाबूत असल्याने व तो पाहण्याची मुभा मिळाल्याने.

आता पुढाऱ्यांच्या कर्तबगारीकडे वळतो, कारण तिचा आणि मोजणीचा एक थेट सांधा आहे ज्यावर मतदारांनी आपल्या नेत्यांना धारेवर धरायला हवे. महाराष्ट्रात लाखभर केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रावर पहाटे हजर राहून अभिरूप मतदान पाहणारा, सीलचा क्रमांक टिपणारा, संध्याकाळी सतरा-सीची प्रत घेणारा आणि मोजणीच्या टेबलावर ती ताडून पाहणारा माणूस नेमणे, त्याला शिकवणे, त्याच्या जेवणाखाण्याची सोय पाहणे, हे काम सभेतल्या भाषणाइतके झळकत नाही, आणि म्हणूनच ते होत नाही. लाखांच्या सभा भरवणारे पक्ष अनेक केंद्रांवर एक धड प्रतिनिधी बसवू शकत नाहीत, आणि निकालानंतर त्यांचेच नेते पत्रकार परिषदेत केंद्रनिहाय गैरप्रकाराचे आरोप करतात. अशा वेळी त्यांच्या समर्थक मतदाराने त्यांना पहिला प्रश्न हा विचारावा की, साहेब, तुमच्याकडे किती केंद्रांचे सतरा-सी आहेत? तक्रार खरी असेल तर तिचा पुरावा त्या कागदांत आहे. आणि कागद गोळा केले नसतील तर नेत्याच्या संघटनकौशल्याविषयी मतदाराला पुरेशी माहिती मिळाली आहे.

याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, २०२४ च्या विधानसभेविषयीच्या मोठ्या हरकती खरोखरी मोजणीच्या नव्हत्याच. सायंकाळी पाचला ५८.२२ टक्के असलेले मतदान अखेरीस ६६.०५ टक्के कसे झाले, आणि लोकसभा व विधानसभा यांच्या दरम्यान मतदारयादीत सुमारे ४० लाख नावे कशी वाढली, हे ते प्रश्न. पाचचा आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी तोंडी कळवलेल्या अंदाजांचा असतो, मतदान सहापर्यंत चालते, रांगेत उभ्या असलेल्यांना त्यानंतरही मत देता येते, आणि अंतिम आकडा सतरा-सीवरून येतो, हा आयोगाचा खुलासा मला सयुक्तिक वाटतो. यादीचा प्रश्न मात्र केवळ खुलाशाने मिटणारा नाही. तिथे वाढलेली नावे केंद्रनिहाय, तपासता येतील अशा स्वरूपात, वेळीच सर्वांपुढे ठेवणे हाच मार्ग आहे. यादी, मतदान आणि मोजणी या तिन्हींवरच्या शंका एकाच ‘ईव्हीएम’ या शब्दात कोंबल्याने प्रत्येक शंकेचे वेगळे उत्तर मागण्याची सोय आपण घालवून बसलो आहोत.

आयोगाच्या वर्तनाने या संशयाला काही ठिकाणी खतपाणी घातले, हे खेदाने नमूद करावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतील नियम ९३ बदलून केंद्रावरील कॅमेऱ्यांच्या चित्रणासारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे सर्वसामान्यांच्या पाहणीबाहेर ठेवली गेली. मतदाराचा चेहरा व त्याची गुप्तता यांचे रक्षण हे कारण वजनदार आहे, पण त्यासाठी चित्रण पाहण्यावर न्यायालयीन देखरेख ठेवता आली असती. सरसकट दार लावून घेणे आवश्यक नव्हते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांच्या निवडसमितीत सरन्यायाधीशांना स्थान दिले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील कायद्याने त्यांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री आला, म्हणजे तिघांच्या समितीत दोघे सरकारचे झाले. आयुक्त व्यक्तिशः कितीही सचोटीचे असोत, त्यांना ज्या समितीने नेमले तिच्यात सरकारचे बहुमत आहे, ही गोष्ट पराभूत पक्षाच्या मतदाराला रोज दिसत राहते.

मे २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान चालू असता केंद्रनिहाय सतरा-सी संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने ऐन निवडणुकीत आदेश देण्याचे टाळले, आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मे रोजी, आयोगाने तोवरच्या टप्प्यांतील मतदारसंघनिहाय मतांची प्रत्यक्ष संख्या जाहीर केली, जी आधी केवळ टक्केवारीत दिली जात होती. हे पाऊल योग्य दिशेचे होते. मतदान संपल्यावर त्याच रात्री प्रत्येक केंद्राच्या सतरा-सीचा पहिला भाग प्रसिद्ध करणे, यात उमेदवारनिहाय मते नसल्याने कोणाचीही गुप्तता भंगत नाही; आणि निकालानंतर कमी फरकाच्या जागांवर चिठ्ठ्यांचा मोठा नमुना उमेदवारांच्या माणसांसमोर मोजणे, यात दिवस-दोन दिवसांचा विलंब होईल, इतकेच. या दोन्ही गोष्टींना यंत्रे मोडीत काढावी लागत नाहीत. नियमांत दुरुस्ती लागेल, जिल्हाधिकारी कचेरीत थोडे मनुष्यबळ लागेल, आणि केंद्राध्यक्षाने भरलेला तो एक पानाचा नमुना नीट वाचता येईल असा उतरवून घ्यावा लागेल.